शाम्पू ना चंप्याचा, ना मुळात केसांचा

‘शाम्पू हा शब्द आपल्या चंपा फुलावरून आला. १७६२ मध्ये शेख दीन महंमद यांनी तो इंग्लंडला नेला, गोऱ्यांना केस धुवायला शिकवलं आणि राजाचे केस धुतले म्हणून त्यांना पदवी मिळाली.’ हा मजकूर ग्रुपवरून ग्रुपवर फिरत असतो. शब्द आपल्याकडचा आहे आणि दीन महंमद खरोखर होऊन गेले, एवढं त्यात बरोबर आहे. बाकी जवळजवळ सगळं चुकलंय, आणि त्या चुकांखाली एका मोठ्या माणसाचं खरं काम झाकलं जातंय.

आधी चंपा. इंग्रजीत ‘शाम्पू’ हे मुळात क्रियापद आहे आणि ते हिंदीतल्या ‘चाँपना’वरून आलं. चाँपना म्हणजे दाबणं, रगडणं. ‘चाँपो’ म्हणजे ‘दाबा’. गोऱ्या साहेबाच्या कानावर तोच हुकूम पडत असणार. मराठीत याच कुळातला शब्द आपण रोज वापरतो: चेपणे. आजोबांचे पाय चेपून देतो तो चेपणे. ‘चापून बसवणे’मधला चापणेही त्यातलाच. फुलाचा इथे काही संबंध नाही; नावाचा आवाज जुळला म्हणून कुणीतरी सुगंध जोडून दिला.

आता १७६२. हे साल खरं आहे, पण वेगळ्या गोष्टीचं. त्या वर्षी छापलेल्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात हे क्रियापद आढळतं, तेही चीनमध्ये अंग रगडून घेणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल. दीन महंमद यांचा जन्म १७५९चा, पाटण्याचा. म्हणजे तेव्हा ते तीन वर्षांचे होते! पुढे त्यांनी स्वतःचं वय दहा वर्षांनी वाढवून सांगितलं. तोही हिशेब धरला तर तेरा वर्षांचे, आणि तरीही भारतातच. कंपनीच्या बंगाल सैन्यात राहून ते १७८४ मध्ये आयर्लंडला पोहोचले. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपल्या प्रवासाचं पुस्तक काढलं, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ उघडली, ती चालली नाही. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी १८१४च्या सुमारास त्यांनी स्नानगृह सुरू केलं.

तिथे ते केस धुवत होते का? नाही. गिऱ्हाईक औषधी वनस्पतींच्या वाफेत बसून घाम काढायचं. मग त्याच्याभोवती फ्लॅनेलचा तंबू असायचा, त्या तंबूला बाह्या शिवलेल्या. रगडणारा बाहेर उभा राहून बाह्यांत हात घालायचा आणि आतल्या माणसाचे सांधे, पाठ, पोटऱ्या चेपायचा. संधिवात, अर्धांगवायू, दमा अशी दुखणी घेऊन लोक येत. बरं वाटलेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या तिथे भिंतीवर टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं ते या कामासाठी. सर्जन हा शब्दच पाहा ना, केस धुणाऱ्याला कोण सर्जन म्हणेल? १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तक लिहिलं, त्यातही विषय वाफारा आणि अंगमर्दन हाच.

केस धुण्याचा अर्थ या क्रियापदाला चिकटला तो १८६०च्या आसपास, म्हणजे दीन महंमद १८५१ मध्ये वारल्यानंतर. डोक्याला फेस लावून टाळू रगडतात, त्या रगडण्याला हा शब्द लागला आणि हळूहळू रगडणं मागे पडून फेस पुढे आला. तरी १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात शाम्पू या क्रियापदाचा अर्थ स्नायू मळणं, दाबणं असाच दिलाय. बाटलीतलं द्रव तर आणखी पुढचं. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ यांनी १९०३ मध्ये आणलेला शाम्पू पाण्यात कालवायची पूड होता.

आणि आपल्याकडे रिठा, शिकेकाई लावून केस धुणं फार जुनं आहेच, त्यासाठी कुणाच्या शोधाचा दाखला लागत नाही. पण त्याला आपण न्हाणं म्हणत आलो, चेपणं नव्हे.

हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर चंपा आणि १७६२ काढा, आणि त्या बाह्यांच्या तंबूची हकीकत घाला.