‘खाचा ढिल्या, मशीन भंगार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलात. बुकशेल्फच्या फळ्यांतल्या खाचा अर्धा मिलिमीटर ढिल्या निघाल्या, आमचं प्लाय कापणारं मशीन (सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगवरून चालणारं) भंगार आहे, त्याच्या कॅलिब्रेशनचा म्हणजे मापं तपासण्याचा पत्ता नाही, कोपऱ्यांत गोल भोकं पाडून काम गचाळ केलं आणि माल दोन दिवस उशिरा दिला, असं लिहिलंत. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. उशीर आमचाच. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते हे माहीत असून मी बुधवारचा शब्द दिला, आणि बुधवारी तुमचं काम अर्धंच झालं. एक छोटी पट्टी कापताना सरकली आणि तिची कड खाल्ली गेली, तीही चूक आमचीच. अख्खी शीट व्हॅक्यूमवर, म्हणजे टेबलाखालून हवा ओढून, घट्ट बसते, पण लहान तुकडा कटरच्या शेवटच्या फेरीला सुटतो. तिथे टॅब, म्हणजे तुकडा शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे जोड, सोडायला हवे होते, ते राहिले.

पण खाचांबद्दल मला गप्प बसवत नाही.

तुमचं बुकशेल्फ स्क्रू न लावता फळ्या एकमेकींत अडकवून उभं राहणारं होतं. अशा कामात खाचेची रुंदी म्हणजे समोरच्या फळीची जाडी. तुमच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्या खाचा १८ मिमीच्या होत्या, कारण प्लायवर १८ लिहिलेलं असतं. प्लाय तुम्ही स्वतः आणला होता. टेम्पोतून उतरवल्यावर मी सहाही शीटना चारही कोपऱ्यांत व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला. कुठे १७.३, कुठे १७.५. हा प्लाय खराब होता असं मी म्हणत नाही. प्लायच्या भारतीय मानकातच (आयएस ३०३) ६ मिमी आणि त्यापुढच्या प्लायला ५ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १८ चा प्लाय १७.१ भरला तरी तो नियमात बसतो. म्हणूनच आम्ही आधी जाडी मोजतो, त्यात ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक धरतो आणि मग खाच काढतो. कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीत एक खाच १८ ची आणि एक १७.६ ची कापून मी तुमच्या हातात दिली होती. पहिलीत फळी हलत होती, दुसरीत तळव्याने दाबल्यावर बसत होती. तुम्ही घाईत होतात, फोन चालू होता. ‘ड्रॉइंगला हात लावू नका, आहे तसं कापा’ असं म्हणालात, आणि संध्याकाळी तेच व्हॉट्सॲपवरही लिहिलंत. तो मेसेज मी इथे टाकणार नाही. पण सर, मशीनने १८ सांगितल्यावर १८ च कापलं. तुम्हाला जो अर्धा मिलिमीटर सापडला, तो प्लायमध्ये होता.

‘कॅलिब्रेशनचा पत्ता नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. दर सोमवारी काम सुरू करण्याआधी आम्ही १००० मिमीचा चौकोन कापतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. दोन्ही १४१४ आले तर मशीन गुण्यात (काटकोनात) आहे, नाहीतर त्या दिवशी गिऱ्हाइकाची शीट टेबलावर चढत नाही. धार लावून आलेला ६ मिमीचा कटर ५.९ भरतो, म्हणून प्रत्येक कटर मोजून तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरतो. तसं केलं नाही तर प्रत्येक खाच ०.१ ने अरुंद निघते. माझे वडील रंधा आणि पटाशीवर काम करायचे, सांध्यातून उजेड दिसला तर फळी बाजूला ठेवायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

कोपऱ्यांतल्या गोल भोकांचं थोडक्यात सांगतो. कटर गोल असतो, त्याला आतला कोपरा काटकोनात काढता येत नाही. ६ मिमीच्या कटरने कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहते आणि फळी तळाला टेकत नाही. म्हणून तिथे थोडं जास्त कोरावं लागतं. दिसायला आवडणार नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

काल एका आर्किटेक्ट मॅडमनी हा रिव्ह्यू वाचून ठरलेलं किचनचं काम थांबवलं. मशीनचा हप्ता चालू आहे, तिघांचे पगार या कटिंगवर निघतात. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. राग नाही.

यापुढे मोजलेली जाडी चलनावर लिहून सही घेऊ, लहान तुकड्यांचंही काहीतरी पक्कं करतोय. तुमची सरकलेली पट्टी माझ्या प्लायमध्ये फुकट कापून देतो. ढिल्या खाचांसाठी फळ्या घेऊन या, कडेने व्हेनियरची (लाकडाच्या पातळ थराची) पट्टी चिकटवून त्या घट्ट करून देईन, त्याचेही पैसे नकोत. शनिवारी रात्री ८ पर्यंत मी दुकानातच आहे. येताना तो १७.६ चा नमुना सापडला तर सोबत आणा.