कार्यक्रम झकास, पण गिऱ्हाईक कुठंय भो?

थंडी पडली की आमच्या जळगावात दोन गोष्टींना ऊत येतो: भरीत पार्ट्या आणि उद्योजक मेळावे. पहिल्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

एमआयडीसीत माझा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. आपल्या भाषेत खोकी. वय अजून तिशीच्या अलीकडे आहे आणि प्रत्येक आयोजकाला पत्रिकेत एखादा 'युवा उद्योजक' हवाच असतो, त्यामुळे निमंत्रणं भरपूर येतात. जातोही मी. म्हणून हे बाहेरून मारलेले दगड नाहीत.

पत्रिकेवर वेळ पाचची असते. पाचला साउंडवाला "चेक, चेक" करत असतो. प्रमुख पाहुणे साडेसहाला येतात. मग समई. एसीच्या झोतात ती पेटत नाही, तरी फोटोग्राफर सगळ्यांचे हात काडीला लागेपर्यंत सोडत नाही. मग सत्कार. आयोजकांचा, प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या वडिलांचा, शेवटी सत्कार करणाऱ्यांचा. शाल, रोप, स्मृतिचिन्ह. (माझ्या ऑफिसातल्या कपाटात आता सॅम्पलपेक्षा स्मृतिचिन्हं जास्त आहेत. फोन करून 'पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सहभाग शुल्क एवढं' म्हणणारी मंडळी वेगळीच, त्यांच्यावर शब्द घालवत नाही.)

मग भाषणं, आणि त्यात दोन गोष्टी ठरलेल्या. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिची पुढे विप्रो झाली. आणि जैन इरिगेशनच्या भवरलालभाऊंनी ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. दोन्ही खऱ्या, दोन्हींचा अभिमान आहे, मी टाळ्याही वाजवतो. पण ते रॉकेल उधारीवर किती गेलं, वसुली कशी केली, पहिलं मोठं गिऱ्हाईक कुणी जोडून दिलं, हे एकाही वक्त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मला तेवढंच ऐकायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेळावा उद्योजकांचा असेल तर हॉलमध्ये दोन गोष्टी हव्यात: माल घेणारा माणूस आणि पैशाची उघड चर्चा. आपल्याकडे दोन्ही नसतात. सगळे विकणारे एकमेकांसमोर बसतात आणि कार्डं वाटून घरी जातात.

एक उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. खोक्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरी पेढे वाटावेत अशी बातमी. पण खोकं ज्यापासून बनतं त्या क्राफ्ट पेपरवरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. १०० रुपयांचा कागद घेतला की १८ रुपये कर भरायचा, त्याचं खोकं १४० ला विकलं की गिऱ्हाइकाकडून ७ रुपये घ्यायचे. उरलेले ११ अडकले. रिफंड मागता येतो, पण तो हातात येईपर्यंत पगार आणि वीजबिल थांबत नाही. शहरात माझ्यासारखे बरेच जण या कोड्यात होते. त्यानंतरच्या पहिल्याच मेळाव्यात गेलो, म्हटलं आता तरी कुणी सीए बसवला असेल. विषय होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचा उद्योजक'. उद्याचं राहू द्या हो, विसाव्या तारखेचा जीएसटी कसा भरू ते सांगा!

आणि थकबाकी. हा तर आपल्याकडे घरातल्या भांडणासारखा विषय, चारचौघांत काढायचाच नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वर आयकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम आलं. लहान कारखानदाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा दाखवता येत नाही. हे सगळं कागदावर आहे. पण मागायचं कसं? एका कार्यक्रमात 'व्यवसायातील नीतिमत्ता' या विषयावर ज्यांनी पाऊण तास घेतला, त्यांच्याकडे माझ्या रांगेतल्या तिघांची बिलं थकली होती. तिघांनीही टाळ्या वाजवल्या. नोटीस पाठवली तर बिल येईल, पुढची ऑर्डर येणार नाही, हे तिघांनाही पक्कं ठाऊक. ही भीती एकट्यादुकट्यानं मोडत नाही, संघटनेनं मोडायची असते. आणि संघटनेचा वेळ हारांच्या ऑर्डरीत जातो.

सकाळच्या नाश्ता-बैठकांनाही जाऊन आलो. त्या वेळेवर सुरू होतात, हे मोठंच कौतुक. एका मिनिटात ओळख सांगायची, एकमेकांना रेफरल द्यायचे. विमा, इंटिरिअर, फोटोग्राफीवाल्यांना तिथं कामं मिळतात, मी पाहिलंय. मला नाही मिळाली, कारण सकाळी सातला सावदा-रावेरचा केळीवाला कोट घालून उपमा खात नसतो. तो बागेत कटाईवर उभा असतो.

तो सापडतो भरीत पार्टीत. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, कुणी ठेचायला बसलंय, कुणी कळण्याची भाकरी मोडतंय. तिथं केळी भरून पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसवाल्या काकांनी सहज विचारलं, "तुमची खोकी कंटेनरात बसत्यात का हो?" बसतात म्हणजे दबतात. निर्यातीची केळी १३-१४ अंशांवर जाते, आत ओलावा प्रचंड, कागद पाणी पितो आणि तळाची खोकी वरच्या वजनानं चेपतात. आमचं अर्ध्या तासाचं बोलणं कागदाचं वजन, थर आणि हवा खेळायच्या भोकांवरच झालं. वाटीतलं भरीत गार झालं. पण त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात ट्रायल लॉट घेतला. ना बॅनर, ना सूत्रसंचालक.

सागर पार्कवर बचतगटाच्या बायकांचे स्टॉल लागतात तेव्हा मी आवर्जून फिरतो. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, कुरडया, पापड, कळण्याचं पीठ. या ताया पहिल्या दिवशी बघतात काय उठतंय आणि दुसऱ्या दिवशी तेच जास्त आणतात. एका मावशींनी मलाच धरलं: "भाऊ, पुन्याले बिबडे धाडले ते चुरा व्हतस, काही कर ना." आता त्यांच्यासाठी छोटं, आत पुठ्ठ्याचे खण असलेलं खोकं बनवतो. ऑर्डर लहान आहे, पण पैसे रोख. नीतिमत्तेवर एकही भाषण न देता!

आणि सारंगखेड्याची यात्रा बघा. तापीकाठी, दत्तजयंतीला. आता तिथं चेतक फेस्टिवल, तंबू, रील्स सगळं आलंय. तरी घोडेबाजाराचा कणा तोच आहे. घेणारा घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, बसून बघतो आणि मग भावाला तोंड फुटतं. विकणारा लांबून आलाय तो विकायला, घेणारा आलाय तो घ्यायला. नोव्हेंबरात आपल्याकडे शेतीचं प्रदर्शन भरतं तिथंही हेच. शेतकरी ठिबकची नळी हातात घेऊन वाकवून बघतो आणि विचारतो, "किती वर्षं टिकंल?" एवढा सरळ प्रश्न एसी हॉलमध्ये मला आजवर कुणी विचारलेला नाही.

म्हणजे मेळावे भरवायचं आपल्याला कळत नाही असं अजिबात नाही. खान्देश पिढ्यान्‌पिढ्या बाजार भरवतोय. कोट चढवला की मात्र आपण गिऱ्हाइकाला बोलवायचं विसरतो.

काही ज्येष्ठ म्हणतील, "तू एवढा शहाणा, तर तू कर." ठीक आहे. येत्या महिन्यात माझ्याच शेडमध्ये बसायचं ठरवतोय. कागदाच्या रिळांवर बसावं लागेल. डाळमिल, चटई, पाइप, केळी, मसाला, जिथं कुठं खरेदी होते तिथली खरेदी बघणारी माणसं हवीत, मालक नसले तरी चालतील. भिंतीवर खडूनं लिहायचे दोन फळे, एकावर 'हवंय', दुसऱ्यावर 'देतो'. एक सीए तासभर. एक बँकवाला, पण ज्याच्या सहीनं कर्ज मंजूर होतं तो. सत्कार कुणाचाही नाही, माझाही नाही. रात्री शेवभाजी आहे, तिखट झेपणाऱ्यांसाठी.

येताना कार्डांऐवजी ४५ दिवसांच्या वर गेलेल्या बिलांची यादी आणा. आणि ओळखीत कुणी खरेदी बघणारं असेल तर खाली टॅग करा. विकणारे आपण आहोतच भरपूर.