पारसिकच्या डोंगरावर पाइन नको

ऐरोलीच्या मावशीने परवा श्रीखंडाचा रिकामा डबा दाखवला. आत माती, मातीत आठ चिलगोझे, म्हणजे एका हिमालयी पाइनच्या खाण्याच्या बिया, आणि त्यांवर पांढरी बुरशी. दाणे वाशीच्या बाजारातले, भाजलेले. ते रुजणार कसे? पण तिला मेसेज आला होता: 'पाइनला पाणी लागत नाही, उघड्या डोंगरावर आपोआप जंगल होतं, वणवा लागत नाही, झाड हजारो वर्षं जगतं. पारसिकवर चिलगोझे लावा.' आता सोसायटीत त्यासाठी वर्गणी निघाली आहे, म्हणून लिहितोय.

हिमाचलमधल्या किन्नौरच्या कोरड्या उतारांवर चिलगोझा वाढतो, हे खरं. पण तिथे हिवाळाभर बर्फ पडतं, ते हळूहळू वितळून मुरतं आणि दोन-तीन हजार मीटरवरच्या गारव्यात ओल टिकते. त्या झाडाला पाणी कमी चालतं, थंडीशिवाय चालत नाही. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि मे महिन्यात कातळावर पाय ठेववत नाही.

'हजारो वर्षं' हे अर्धं खरं आहे आणि माणसं फसतात ती इथेच. मेसेजमधला पिळवटलेल्या खोडाचा फोटो चिलगोझ्याचा नाहीच. तो कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधला ब्रिसलकोन पाइन आहे. त्यातलं एक झाड 4,800 वर्षांहून जुनं आहे. का टिकलं? एडमंड शुलमन यांनी 1954 साली 'सायन्स'मध्ये सूचिपर्णी वृक्षांबद्दल हेच मांडलं: सर्वांत म्हातारी झाडं सर्वांत खडतर जागी सापडतात. थंडी, कोरडी हवा, वाढीला वर्षातले जेमतेम काही आठवडे. त्यामुळे वाढ अगदी सावकाश, लाकूड घट्ट, राळेने भरलेलं, बुरशीला दाद न देणारं. ते हाल आपल्या दमट हवेत आणणार कुठून? वणवाही तिथे सहसा पसरत नाही, कारण झाडं विरळ आणि मधे उघडी जमीन. पारसिकवर मार्चमध्ये कमरेएवढं वाळलेलं गवत असतं. त्यात पाइनच्या सुया पडल्या तर काय होईल, ते उत्तराखंडच्या चिड पाइनच्या जंगलांच्या उन्हाळ्यातल्या बातम्यांत बघा.

'आपोआप जंगल' तर किन्नौरमध्येही होत नाही. बी जड, वाऱ्याने उडत नाही. शंकू उतरवून बाजारात जातात, उरल्यासुरल्या बीचं रोप आलंच तर गुरं-मेंढ्या खातात.

मावशी, पारसिकवर पळस आहे, कुडा आहे, करवंदी आहेत. उन्हाळ्यातल्या वणव्यात त्यांची रोपं जळतात. वर्गणी जमलीच असेल तर दिवाळीनंतर वन खात्याला विचारून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढू. गवत कापायला मी येतो.