ड्रिल फुकट, बॅटरी विकत

जून उजाडला की इथे अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फादर्स डेच्या सेलचे फोटो फिरायला लागतात. होम डेपो या हत्यारं-लाकडाच्या मोठ्या दुकानात दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा संच घ्या, एक टूल फुकट! खाली लगेच कोणीतरी विचारतं, "यातलं कोणतं घेऊ?" मंडळी, टूलचं नंतर बघू. आधी बॅटरी कोणत्या रंगाची, म्हणजे कोणत्या ब्रँडची, ते ठरवा. एकदा ती घरात आली की पुढची दहा वर्षं तुमच्या गॅरेजमध्ये काय येणार हे तीच ठरवते. फुकट ड्रिल हे फक्त आवतण असतं.

सुटी बॅटरी घ्यायला जा, म्हणजे कळेल. चांगल्या बॅटरीची किंमत बरेचदा बिनबॅटरीच्या ड्रिलएवढी, कधी त्याहून जास्त. आणि प्रत्येक ब्रँडची खाच वेगळी. रियोबी आणि मिलवॉकी ही दोन्ही हत्यारं हाँगकाँगची एकच कंपनी, टीटीआय, बनवते, तरी एकाची बॅटरी दुसऱ्यात बसत नाही. तांत्रिक अडचण असेलही थोडी, पण मला त्यात धंद्याचं डोकंच जास्त दिसतं. रियोबीची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. त्यांची १८ व्होल्टची खाच १९९६ पासून तीच आहे, आजची लिथियम बॅटरी त्या काळातल्या ड्रिलवरही चालते. धंदेवाईक सुतार रियोबीला नाकं मुरडतात. मुरडू देत. ज्याला महिन्यातून एखाद्या रविवारी मुलांसाठी पुस्तकांचं कपाट करायचं आहे, त्याला ती पुरते.

तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच, "डीवॉल्ट २० व्होल्टचा आहे, जास्त ताकद." नाही हो. आत पाच सेल ओळीने जोडलेले असतात. चार्जरवरून ताजी काढलेली बॅटरी प्रत्येकी चार व्होल्ट धरून २० दाखवते, काम करताना ३.६ धरून १८. तीच बॅटरी युरोपात १८ व्होल्ट म्हणूनच विकतात. अमेरिकेत डब्यावर मोठा आकडा लागतो, बस्स.

सवलतीमागे हात धुऊन लागलेल्यांचा एक वेगळाच पंथ आहे. होम डेपोतल्या पिवळ्या चिठ्ठीवरची किंमत ०६ सेंटांवर संपली तर अजून उतरेल, ०३ वर संपली तर आता उचलाच, अशी त्यांची पंचांगं असतात. त्यातलेच काही फुकटच्या टूलसोबतची बॅटरी परत करतात. पावतीवर सवलत बरेचदा दोन्ही वस्तूंवर वाटलेली असते, त्यामुळे टूल बरंच स्वस्तात पदरात पडतं. दुकान परत घेतं, म्हणजे नियमात बसत असावं. मला तो उद्योग जमत नाही. शनिवारची सकाळ रिटर्न काउंटरच्या रांगेत घालवायची, तर मग लाकूड कधी कापायचं?

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, आपण घासाघीस माणसाशी करतो, इथे ती कॅलेंडरशी करावी लागते: फादर्स डे, मग थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत. मला भाव ठरण्यापेक्षा दुसराच फरक जास्त खटकतो. रविवार पेठेतला जुना दुकानदार वस्तू काढण्याआधी विचारतो, "काम काय आहे?" आणि कधी कधी "एवढ्यासाठी हे कशाला?" म्हणून स्वस्तातलं हातात ठेवतो. इथल्या गोदामाएवढ्या दुकानात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. केशरी एप्रन घातलेला एखादा निवृत्त सुतार भेटला तर नशीब. भेटलाच तर त्याला सोडू नका.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत विचाराल तर क्लॅम्पवर. सरस लावल्यावर फळ्या धरून ठेवायला क्लॅम्प कधीच पुरत नाहीत, आणि हार्बर फ्रेट या स्वस्त हत्यारांच्या दुकानातले ॲल्युमिनियमचे बार क्लॅम्प घरगुती कामाला उत्तम चालतात. दुसरा चांगला गुण्या. दुकानातच तपासून घ्या: सरळ कडेच्या फळीला लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून तिथूनच दुसरी ओढा. दोन रेघा फाकल्या तर ठेवून द्या परत, कितीही सवलत असो. रंधा मात्र मोठ्या दुकानात घेऊच नका. एखाद्या म्हाताऱ्या अमेरिकन माणसाचं सामान विकायला काढलेलं असतं, त्यात स्टॅनलीचा चार नंबरचा जुना रंधा मिळतो. वरवरचा गंज निघतो, पातं घासून लावलं की नव्या स्वस्त रंध्याला तोंड लपवावं लागेल. धार लावायला शिकणं मात्र टाळता येत नाही, पटाशीचंही तेच.

लाकडाचीही गंमत आहे. टू बाय फोर नावाचं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते घराच्या सांगाड्यासाठी वाळवलेलं असतं, म्हणजे १९ टक्क्यांपर्यंत ओल चालते. घरातल्या फर्निचरला ६ ते ८ टक्के हवी. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की टू बाय फोरचं टेबल वळतं, चिरतं, आणि दोष सुताराला येतो. टेबल करायचं असेल तर लाकूड हार्डवुडच्या वखारीतून आणा.

रिजिड ब्रँडची हत्यारं घेणाऱ्यांनो, त्यांची आयुष्यभराची मोफत दुरुस्ती ९० दिवसांत नोंदणी केली तरच लागू होते. पावतीचा फोटो काढून त्याच संध्याकाळी नोंदवा.

आता शेवटचं, कारण सुट्टीत भारतात निघालेल्यांना हे नक्की विचारलं जाणार: "येताना तिकडून ड्रिल आणशील का?" इथला चार्जर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलात तर जळेल. ड्रिल चेक-इनच्या बॅगेत, सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये. १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची, म्हणजे चालते. ६ ची झाली की १०८, आणि मग एअरलाइनची परवानगी लागते. एवढं करून ड्रिल तिकडे बिघडलं तर दुरुस्त कुठे करणार? मी आता मेव्हण्याला सरळ सांगतो, बोहरी आळीत जा, काम काय आहे ते सांग, आणि पक्कं बिल घे.