जलपर्णी ‘आपोआप जाईल’ म्हणणाऱ्यांसाठी

कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तळ्यातली जलपर्णी काढायला श्रमदान म्हणजे फुकटची हमाली. ती पाणी शुद्ध करते, पावसात वाहून जाते, फारच माजली तर औषध मारावं, आणि काढली तरी परत येतेच, असं त्याचं म्हणणं.

पाणी शुद्ध करते हे अर्धं खरं. सांडपाण्यातलं नत्र, स्फुरद, अगदी जड धातूही ती शोषते. पण शोषलेलं जातं कुठे? वेळेवर बाहेर काढली तरच ते तळ्याबाहेर जातं. नाहीतर ती तिथेच मरते, कुजते, सगळं पाण्याला परत करते आणि कुजताना प्राणवायूही खाते. वर हिरवी चादर, खाली मासे मेलेले. शिवाय हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या याच मुळांना चिकटून श्वास घेतात. एखादं रोप उपटून मुळांचा काळा झुबका बादलीत झटकून बघा, काय काय वळवळतं ते.

पावसात वाहून जाते? खाडीत पोचली तर खाऱ्या पाण्याने मरते, हे कबूल. पण तळं म्हणजे नदी नव्हे. पूर आला की तरंगता थर सांडव्यात अडकतो, पाणी बांधावर चढतं, आणि सुटलेली रोपं खालच्या मळ्यांत शिरतात. काठच्या केवड्याच्या जाळीत अडकलेली तर हलतही नाहीत. दसऱ्यानंतर तीच तळं पुन्हा भरतात.

औषधाबद्दल फार लिहायला नको. ग्लायफोसेट हे तणनाशक कुणीही उठून मारायची गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. त्याच पाण्यावर वायंगण म्हणजे उन्हाळी भात पिकतो, गुरं तेच पाणी पितात. आणि फवारून मेलेली जलपर्णी बुडून कुजतेच. फवारण्यापेक्षा किडे बरे: ही वनस्पती खाणारे दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे 1980च्या दशकात बंगळूरच्या तलावांत सोडले होते. पण त्यांना वर्षं लागतात.

राहिला ‘परत येतेच’ हा मुद्दा. येते, आणि का येते ते समजलं तर काम निम्मं होतं. रोपाच्या फुगीर देठाखालून आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला पिल्लू. ओढताना धुमारा तुटतो, पिल्लू पाण्यातच राहतं. उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. बी तर गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. म्हणून एका दिवसाचा सोहळा, फोटो आणि वडापाव एवढ्याने भागत नाही. शिमग्यानंतर पाणी उतरलं की मोठी काढणी, मग दर पंधरवड्याला काठाने फिरून एकेक पिल्लू वेचायचं. काढलेला ढीग बांधावर टाकू नये, पहिल्याच सरीत घरंगळून परत आत जातो. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं त्यात. लांब नेऊन वाळवला की उरतो जेमतेम, मग शेणात कुजवावा. आणि तळ्याकडे वळवलेल्या मोऱ्यांची तोंडं बंद झाली नाहीत, तर साबणाच्या पाण्यावर ती पोसलीच जाणार. ग्रामपंचायतीकडे मागायचंच असेल तर हे मागा, फवारणी नको.

आमची पुढची फेरी रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. होडी आहे, आकड्या कमी पडतायत.