सरवा राहिलाच की!

बायबलमधल्या दानावरचा लेख छान, पण गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्या (छोटी नाणी) आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) यावरच थांबलात राव. बायबलच्या लेवीय पुस्तकात, १९व्या अध्यायात सरळ सांगितलंय की शेताचे कानेकोपरे झाडून कापू नका, पडलेला सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य, वेचू नका, तो गरिबांचा आणि परक्यांचा, म्हणजे हे दान नाहीच, त्यांचा हक्कच झाला ना. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४व्या अध्यायात तर शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही म्हणे! बायबलमधलीच रूथ, मवाब देशाची, परकी बाई, दिवसभर वेचून एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) सातू घेऊन गेली, कारण शेताचा मालक बवाजने गड्यांना मुद्दाम पेंढ्यातली कणसं टाकायला लावली, वर तिला बोलू नका म्हणून बजावलं. आमची आजी भुईमुगाचा सरवा वेचायला जायची, तिला मात्र कितीदा हाकललंय लोकांनी