नोंदणी नाही म्हणून चित्र बेवारस होत नाही

गोव्यातल्या चित्रकारांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणे, कॉपीराइटची नोंदणी केली नसेल तर तुमचं चित्र कोणीही उचलू शकतो. फी परवडत नसेल तर चित्राची प्रत स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवा आणि पाकीट न फोडता जपून ठेवा. नोंदणी झाली की मात्र चिंता मिटली.

पहिलंच विधान उलटं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. चित्र कागदावर किंवा टॅबवर उतरलं की हक्क आपोआप लागू होतो. खाद्यतेलाच्या वेष्टनावरच्या चित्ररचनेवरून झालेल्या संजय सोया खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली हे स्वच्छ सांगितलं: दावा लावायला नोंदणीची अट नाही. याच न्यायालयाचं खंडपीठ पर्वरीला बसतं, तेव्हा हे दूरचं प्रकरण समजू नका. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा २०११ साली गेले. त्यांच्या चित्रांना मृत्यूनंतरची ६० वर्षं, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. चोराला ‘नोंदणी कुठाय?’ म्हणून सुटता येणार नाही.

पाकिटाबद्दल फार लिहायला नको. कायद्यात त्याला काही स्थान नाही, आणि उघडं पाकीटही पोस्टात पडतं, मग चिकटवता येतं. त्यापेक्षा कच्ची रेखाटनं, लेयर शाबूत असलेली मूळ फाइल आणि गिऱ्हाइकाला पाठवलेले ईमेल सांभाळा.

मग नोंदणी करायचीच कशाला? पुराव्यासाठी. नोंदवहीतली नोंद न्यायालय प्रथमदर्शनी खरी धरतं, ती खोडून काढायचं काम समोरच्याचं. एका चित्राला ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. लेबल किंवा बोधचिन्हासारखं मालावर वापरायचं चित्र असेल तर २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्र. पुस्तकातल्या पात्रांसाठी हा खर्च मला योग्य वाटतो. रोजच्या स्केचसाठी नाही.

‘चिंता मिटली’ हे विधान मात्र खरंच महागात पडेल, विशेषतः कळंगुटच्या दुकानांसाठी टी-शर्ट आणि टाइल्सचे नमुने काढणाऱ्यांना. कायद्याचं कलम १५ सांगतं: डिझाइन म्हणून (ही कॉपीराइटहून वेगळी नोंदणी) नोंदवता येण्यासारखी पण तशी न नोंदवलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उतरवली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. कापडावरच्या नक्षीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली मूळ मालकाचा दावा याच वाटेने फेटाळला. स्वतंत्र चित्र कुठे संपतं आणि नक्षी कुठे सुरू होते यावर वकील अजून भांडतात. पण ५१ वा टी-शर्ट छापून झाल्यावर त्या वादात उतरण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोम कामाच्या बोलीत आहे. पैसे घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढलंत आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर कलम १७ नुसार पहिला मालक पैसे देणारा. पणजीतल्या कॅफेची भिंत रंगवण्याआधी ‘हक्क चित्रकाराकडे’ ही ओळ लिहून घ्या. उलट, हक्क तुमच्याकडेच असेल तर तो देताना लेखी आणि सहीनिशी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरली जाते.

आणि टी-शर्टवाल्यांनो, डिझाइनची नोंदणी नव्या, म्हणजे आधी जाहीर न झालेल्या नक्षीचीच होते. इन्स्टावर टाकायच्या आधी अर्ज करा.